पाळीव जनावरांच्या खाण्याला लागणाऱ्या मुंग्या आणि त्यांचा बिनधोक बंदोबस्त

तुम्ही लिहिले आहे की बडोद्यात मांजलपूरला तिसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या घरात पाच वर्षांचा गावठी कुत्रा शेरू आणि दीड वर्षाची मांजर मनी आहे. पावसाळा लागल्यापासून दोघांच्याही भांड्यांना मुंग्या लागतात, कोरडे खाणे अर्ध्या तासात काळे होऊन जाते आणि मनी वास घेऊन तशीच मागे फिरते. शेजारणीच्या सांगण्यावरून तुम्ही दोन्ही भांड्यांभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ ओढली आहे. मनी गाभण असून तीनेक आठवड्यांत तिला पिल्ले होतील, म्हणून हा खडू चालेल का, आणि चालणार नसेल तर दुसरे काय करावे, असे तुम्हाला विचारायचे आहे. सासूबाईंना मुंग्या मारणे पसंत नाही आणि त्या गॅलरीतल्या कुंड्यांपाशी मुंग्यांसाठी कीडियारू, म्हणजे तूप-गूळ कालवलेले पीठ, ठेवतात, हेही तुम्ही कळवले आहे. मी आणंदच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकले आणि गेली २६ वर्षे बडोद्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवते आहे. मुंग्यांनी आजारी पडलेली जनावरे मी थोडी पाहिली, मुंग्यांच्या औषधाने आजारी पडलेली त्याहून पुष्कळ पाहिली, आणि या उत्तराचा सगळा रोख त्या अनुभवावर आहे.

पुढचे वाचण्याआधी ती रेघ पुसून टाका. दोन्ही जनावरांना दुसऱ्या खोलीत ठेवा, हातमोजे घाला, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने रेघ पुसा, मग स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा, ते फडके धुऊन पुन्हा न वापरता टाकून द्या आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत दार बंद ठेवा. या खडूंमध्ये डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन यांसारखे पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक असते. माणूस आणि कुत्रा यांच्या यकृताला अशा द्रव्यांची विल्हेवाट बऱ्यापैकी लावता येते, पण मांजराच्या यकृतात ग्लुकुरोनिडेशन नावाची जी प्रक्रिया हे काम करते ती फार दुबळी असते, त्यामुळे हे द्रव्य मांजराच्या अंगात साचून राहते आणि मज्जातंतूंवर परिणाम करते. शिवाय माणसाला फरशीवरची रेघ दिसते आणि ती ओलांडून जाता येते. मांजर मात्र त्या रेघेवर अनवाणी पाय देते, कधी तिच्यावर लोळते, आणि नंतर तेच पाय आणि तीच कातडी जिभेने साफ करते. फरशीवर टाकलेली कुठलीही पावडर अखेरीस मांजराच्या पोटात जाते, असे धरूनच चालावे लागते.

करेलीबागेतून एकदा रात्री दहाच्या सुमारास माझ्याकडे एक मांजर आणले होते. संध्याकाळी स्वयंपाकघरात मुंग्यांवर फवारा मारला गेला होता, फरशी ओली असतानाच मांजर तिच्यावरून चालत गेले आणि नेहमीप्रमाणे खिडकीत बसून त्याने चारही पंजे चाटून स्वच्छ केले. मी तपासायला घेतले तेव्हा त्याचे कान आणि पाठीची कातडी सारखी थरथरत होती, तोंडातून लाळेची तार लोंबत होती, आणि स्टीलच्या ट्रेवर चिमटा ठेवल्याच्या आवाजानेही ते सगळे अंग आखडून घेत होते. कोमट पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण यांनी अंग धुऊन, झटके थांबवणारी औषधे देऊन आणि उबेत ठेवून ते दोन दिवसांत सावरले. त्या घरात निष्काळजी असे कोणी नव्हते. डब्यावर लहान अक्षरांत जे लिहिले होते ते वाचायचे राहून गेले, इतकेच घडले होते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारे परमेथ्रिनचे औषध मांजराला लावल्याने असाच आणि याहून गंभीर प्रकार होतो, म्हणून शेरूला तसले औषध लावत असाल तर ते मनीजवळ वापरण्याआधी तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

खडू गेला की त्याच्या जागी काय टाकायचे, हा प्रश्न घरात लगेच उभा राहतो, आणि घरगुती म्हणून सुचवले जाणारे बहुतेक पदार्थ मला तितकेच नकोसे वाटतात. कापूर आणि डांबराच्या गोळ्या दोन्ही विषारी आहेत. कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात आणि डांबरगोळीतील नॅफ्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फिनाइलने फरशी पुसणे मांजर असलेल्या घरात बंद करावे, कारण फिनॉल गटातली द्रव्येही मांजराला पचत नाहीत. पुदिना, लवंग, दालचिनी, संत्र्याची साल, टी ट्री यांची सुगंधी तेले नैसर्गिक म्हणून विकली जातात, पण मांजरांसाठी ती धोक्याचीच आहेत. लाल तिखट नाका-डोळ्यांत जाते, कॉफीच्या चोथ्यात कॅफीन असते, आणि रॉकेलविषयी तर वेगळे सांगायला नको. हळद विषारी नाही, परंतु मुंग्या एखादा दिवस थांबून तिच्या बाजूने वाट काढतात आणि जनावरांचे पाय मात्र पिवळे होतात. जुन्या घरांत माळ्यावर गॅमेक्सिनचा एखादा डबा अजून सापडतो. त्यातल्या लिंडेन या कीटकनाशकाच्या वापरावर आपल्याकडे २०१३ पासून बंदी आहे, तेव्हा तो डबा उघडूसुद्धा नये.

आता मुंग्या येतात कशा, ते पाहू, कारण ते नीट कळले की विषाची गरज आपोआप कमी होते. कोरड्या खाण्याच्या दाण्यांवर कारखान्यात चरबी आणि चव आणणाऱ्या पदार्थांचा लेप दिलेला असतो, आणि मुंगीला प्रथिने, चरबी व साखर यांपैकी ज्याची त्या वेळी गरज असते ते सगळे या दाण्यांत किंवा दूध-पोळीच्या भांड्यात एकत्र मिळते. पहिली मुंगी एकटी, भटकत येते. तिला खाणे सापडले की परत जाताना ती पोटाचे टोक जमिनीला टेकवत गंधाची रेघ सोडत जाते, त्या रेघेवरून दुसऱ्या येतात, त्या आपापला गंध त्यात मिसळतात, आणि अर्ध्या तासात रांग होते. कोरड्या फडक्याने मुंग्या झटकल्या तर मुंग्या जातात पण ती रेघ तिथेच राहते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच फरशीच्या त्याच सांध्यातून रांग पुन्हा भांड्यापर्यंत येते. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंग्यांना उघड्या फरशीच्या मधोमध चालण्यापेक्षा भिंतीच्या कडेने, स्कर्टिंगच्या सांध्याने, वायरीच्या आधाराने चालणे आवडते, आणि आपण भांडी नेमकी भिंतीला टेकवून ठेवतो.

म्हणून आज रात्री एक काम करा. भांडी उचलण्याआधी टॉर्च घेऊन दहा मिनिटे त्या रांगेच्या मागे मागे जा. खाण्याकडे जाणाऱ्या मुंग्या रिकाम्या असतात आणि परतणाऱ्यांच्या तोंडात कण असतो किंवा पोट फुगलेले असते, त्यामुळे दिशा लगेच कळते. दांडिया बाजारातल्या एका वाड्यात मी हे घरच्या आजोबांबरोबर केले होते. सगळ्यांना वाटत होते की मुंग्या मोरीतून येतात, पण रांग मोरी ओलांडून, दाराच्या चौकटीवरून चढून, विजेच्या बटणांच्या पाटीमागच्या भोकात शिरत होती. ते भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवले आणि त्या खोलीतली रांग थांबली. बडोद्याच्या सदनिकांमध्ये वातानुकूलन यंत्राच्या पाण्याच्या नळीचे भोक, खिडकीच्या चौकटीखालची फट आणि गॅलरीच्या उंबरठ्याचा सांधा ही तीन ठिकाणे मी आधी पाहते. पाऊस सुरू झाला की जमिनीतली वारुळे भिजतात आणि मुंग्या अंडी-पिल्ले उचलून उंच, कोरड्या जागी येतात. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले त्यानंतरचे कित्येक दिवस वरच्या मजल्यांवर राहणारे लोकही मला मुंग्यांविषयीच विचारत होते. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावर मुंग्या कशा, याचे आश्चर्य वाटू देऊ नका.

वाट सापडली की ती साबणाच्या पाण्याने धुऊन काढा, वरून खालपर्यंत, भांड्याच्या जागेपासून फटीपर्यंत सबंध. पाणी आणि पांढरे व्हिनेगर समप्रमाणात मिसळूनही रेघ चांगली जाते, पण तुमच्याकडे कोटा फरशी किंवा संगमरवर असेल तर व्हिनेगर आणि लिंबू दोन्ही टाळा, कारण हे दोन्ही दगड चुन्याच्या जातीचे असल्याने आम्लाने त्यांची चकाकी जाते आणि डाग कायमचे राहतात. नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या. फटी सिमेंटने किंवा सिलिकॉनने बुजवायच्या त्या यानंतर, जागा वाळल्यावर.

भांड्यांच्या बाबतीत शेरू आणि मनी यांच्यासाठी दोन निरनिराळे उपाय करावे लागतील. शेरूला दिवसभर भांडे भरून ठेवण्याची काही आवश्यकता नाही. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी खाणे द्या, वीस मिनिटांनी भांडे उचला, उरलेले झाकून ठेवा आणि भांडे लगेच साबणाने घासून टाका. पहिले दोन-तीन दिवस तो थोडे सोडून उठेल आणि मग वेळ पाळायला शिकेल, निरोगी मोठ्या कुत्र्याला यात काहीच अपाय नाही. भांडे लगेच घासण्याचा आग्रह अशासाठी की कुत्र्याने चाटून लख्ख केलेल्या भांड्यावरही चरबीचा आणि लाळेचा पातळ थर असतो, आणि मुंग्यांना तेवढे पुरते. भांडे स्टीलचे घ्या. प्लॅस्टिकला चरे पडतात आणि त्यांत चरबी बसते. शेरूला दूध-पोळी देत असाल तर मुंग्यांचा विचार बाजूला ठेवला तरी ती कमी करा, कारण मोठ्या झालेल्या बहुतेक कुत्र्या-मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. कांदा-लसणाची आमटी घातलेला भात तर मुळीच देऊ नका.

मनीच्या बाबतीत हे चालणार नाही. मांजर दिवसातून अनेकदा थोडे थोडे खाते, गाभण मांजराला पोटात जागा कमी आणि भूक जास्त असते, आणि पिल्ले झाल्यावर तिची गरज नेहमीच्या दुपटीहून अधिक होते. तिचे भांडे वीस मिनिटांत उचलून तिला उपाशी ठेवणे योग्य नाही. मुंग्यांमुळे ती खाणे सोडत असेल तर त्याकडेही गांभीर्याने पाहायला हवे, कारण मांजर एक-दोन दिवसांहून अधिक उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचण्याचा आजार होऊ शकतो. अनेक जातींच्या मुंग्या फॉर्मिक आम्ल सोडतात, त्याचा आंबूस झणका खाण्याला लागतो आणि म्हणून मांजर तोंड फिरवते. तेव्हा मनीचे भांडे दिवसभर भरलेले राहिले पाहिजे आणि तरी मुंग्यांच्या आवाक्याबाहेर असले पाहिजे, आणि याला पाण्यासारखा दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

रावपुरा, दांडिया बाजार इकडच्या जुन्या मराठी घरांत दूध-तूप ठेवायला जाळीचे कपाट असे आणि त्याच्या चारही पायांखाली पाण्याने भरलेल्या वाट्या असत. माझ्या आजीच्या घरी या वाट्या पितळेच्या होत्या आणि सकाळी पूजेच्या आधी त्यांतले पाणी बदलणे हे घरातल्या मुलांचे काम असे. तीच रीत भांड्यासाठी वापरायची आहे. एक पसरट, कडा असलेले ताट किंवा लहान परात घ्या, तिच्या मधोमध एक जड वाटी पालथी ठेवा, त्या वाटीवर मनीचे खाण्याचे भांडे ठेवा आणि परातीत बोटाच्या एका पेराइतके पाणी भरा. भांड्याच्या कडेपासून परातीच्या कडेपर्यंत सगळीकडून निदान तीन सेंटिमीटर अंतर हवे, आणि भांडे कुठेही परातीला टेकता कामा नये. सगळी रचना भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. भांडे हलू लागले तर खालची वाटी आणखी जड घ्या, कारण डगमगणाऱ्या भांड्यातून मांजर खात नाही.

इथे एक बारकावा सांगते, कारण पुष्कळ जणांचा उपाय इथेच फसतो. मुंगी हलकी असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठताणावर तरंगते, आणि दिवसभरात पाण्यावर धुळीचा, केसांचा आणि खाण्याच्या चुऱ्याचा थर साचला की त्या थरावरून बारीक मुंग्या चालत पलीकडे जातात. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला की पृष्ठताण मोडतो आणि मुंगी बुडते, म्हणून साबण टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझे मत असे की मनीच्या परातीत साबण घालू नये. मांजरांना उथळ, पसरट भांड्यातले पाणी पिणे आवडते, ती हे पाणी पिणारच, आणि गाभण मांजराच्या पोटात रोज थोडा साबण जाणे मला मान्य नाही. त्याऐवजी पाणी दिवसातून दोनदा बदला आणि परात पुसून घ्या. स्वच्छ आणि रुंद पाणी असले की साबणाचे काम पडत नाही, आणि सासूबाईंच्या दृष्टीने पाहिले तर मुंग्या काठावरूनच परत फिरतात. पाणी बदलण्याचे दुसरे कारण डास हे आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो, तेव्हा नुसते पाणी ओतून न देता परातीच्या कडा घासून घ्याव्यात. डबाबंद ओले खाणे देत असाल तर पाण्याचा खंदक असूनही ते उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा, अर्ध्या तासाहून अधिक बाहेर ठेवू नका. मुंग्या आल्या नाहीत तरी ते नासते.

साठवणीविषयी थोडक्यात सांगते. खाण्याची पिशवी रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात पिशवीसकट ठेवा, म्हणजे समाप्तीची तारीख आणि उत्पादनाचा क्रमांक हाताशी राहतो आणि डब्याच्या भिंतींना चरबी लागत नाही. चार ते सहा आठवड्यांत संपेल एवढीच पिशवी आणा. दाण्यांना मुंग्या लागल्याच असतील तर ते टाकून देण्याचे कारण नाही. चाळणीत घेऊन गॅलरीत हलवा, मुंग्या खाली पडतात, मग दाणे घट्ट डब्यात भरा. थोड्या मुंग्या कुत्र्या-मांजराच्या पोटात गेल्या तरी बहुधा काहीच होत नाही, तेव्हा शेरूने मुंग्यांसकट खाल्ले म्हणून घाबरून जाऊ नका. ओठ, नाक किंवा जीभ सुजली, किंवा तो सारखा तोंडावर पंजा मारू लागला तर मात्र त्याला घेऊन या.

आता सासूबाईंच्या कीडियारूविषयी. आपल्या मराठी घरांत मुंग्यांना साखर घालतात आणि इथल्या गुजराती शेजाऱ्यांकडून पिठात तूप-गूळ कालवून, कधी नारळात भरून, वारुळापाशी ठेवण्याची रीत आपण आपलीशी केली. ती बंद करा असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये हे ठेवल्याने मुंग्यांना घराच्या उंबरठ्यावर कायमचे अन्नछत्र मिळते, आणि वसाहत वाढली की ती दाराच्या आत येते. त्यांनी ते खाली सोसायटीच्या भिंतीपलीकडे, एखाद्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ठेवावे, हा बदल त्यांना समजावून सांगता येण्याजोगा आहे. कुंड्यांमधल्या जास्वंदीची आणि कढीपत्त्याची पाने उलटून पाहा. तिथे मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या त्याला अक्षरशः राखतात, आणि ती झाडे साबणाच्या पातळ पाण्याने धुतली की गॅलरीतली वर्दळ पुष्कळ कमी होते.

एवढे सगळे करून आठ दिवसांत फरक पडला नाही, तर मुंगी कोणती आहे यावर पुढचे ठरते. वेडीवाकडी, भराभर धावणारी बारीक काळी मुंगी असेल तर ती त्रासदायक असली तरी जनावरांना जवळजवळ निरुपद्रवी आहे, आणि तिच्यासाठी पाण्याचा खंदक व बुजवलेल्या फटी पुरेत. मोठा काळा मुंगळा जोराने चावतो, पण तो घरात सहसा एकेकटा फिरतो. लालसर, डंख मारून आग करणारी मुंगी असेल तर, घरात पिल्ले जन्मणार असल्यामुळे, मी आमिष लावण्याच्या बाजूने आहे. भिंतीत राहणारी अगदी बारीक, पिवळसर फॅरो मुंगी असेल तर फवारा अजिबात मारू नका, कारण तिच्या वसाहतीत अनेक राण्या असतात आणि फवाऱ्याने बिथरलेली वसाहत फुटून एकीच्या चार होतात.

आमिष म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साखर आणि फक्त १ ग्रॅम बोरिक ॲसिड. लहान चमच्याने मोजायचे तर साखर अडीच चमचे आणि बोरिक पावडर पाव चमचा. पावडर जास्त घालण्याचा मोह होतो, पण मग कामकरी मुंगी वाटेतच मरते. प्रौढ मुंगीला घट्ट अन्न गिळता येत नाही, ती द्रव पोटात साठवून नेते आणि वारुळात एकमेकींना व पिल्लांना भरवते, म्हणून हे औषध सौम्य असले तरच राणीपर्यंत पोहोचते, आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. हे पाणी औषधाच्या छोट्या बाटलीत घाला, झाकणाला मुंगी जाईल एवढीच भोके पाडा, झाकण घट्ट फिरवा आणि बाटली गॅलरीबाहेरच्या कठड्यापाशी किंवा स्वयंपाकाच्या ओट्यामागे, रांगेच्या वाटेवर, पण कुत्र्या-मांजराचे तोंड पोहोचणार नाही अशा जागी चिकटपट्टीने पक्की बसवा. आमिषात बुडवलेले कापसाचे बोळे उघड्यावर ठेवू नका. त्यातल्या बोरिकपेक्षा तो गोड कापूस गिळून आतडे अडणे ही मोठी आपत्ती आहे, आणि ती शस्त्रक्रिया मी केलेली आहे. बाजारात मिळणाऱ्या जेलमध्ये बहुधा फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असते. फटीत खोलवर थेंबभर भरली तर ती कुत्र्या-मांजराच्या घरात चालते, पण ससा असलेल्या घरात फिप्रोनिल नको, सशाला ते घातक आहे. आमिष चालू असताना रांगेवर फवारा मारणे किंवा ती वाट साबणाने धुणे थांबवावे, नाहीतर मुंग्या औषध घरी नेणारच नाहीत. सासूबाईंना हे पटणार नाही, याची मला जाणीव आहे. लाल मुंगी नसेल तर त्यांचे ऐका.

चुकून काही पोटात गेले आणि लाळ गळणे, कातडी थरथरणे, तोल जाणे, उलट्या यांपैकी काही दिसले, तर मिठाचे पाणी, दूध किंवा तेल पाजू नका आणि उलटी काढायचा प्रयत्न करू नका. मिठाच्या पाण्याने स्वतंत्र विषबाधा होते, आणि रॉकेलजातीच्या द्रावणातले फवारे उलटीबरोबर फुप्फुसात गेले तर प्रकरण हाताबाहेर जाते. औषध अंगाला लागले असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण यांनी धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब द्या आणि त्या औषधाचा डबा किंवा वेष्टन बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

राहता राहिली मनीची पिल्ले, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातला सर्वांत निकडीचा भाग हाच आहे. मांजरी साधारण ६३ ते ६५ दिवसांत विते, म्हणजे तुमच्या हाती असलेले तीन आठवडे आमिषाला लागणाऱ्या वेळेइतकेच आहेत. लाल मुंगी असेल तर आमिष याच आठवड्यात लावा. वार, रक्त आणि नाळेचा ओला तुकडा यांच्या वासाने मुंग्या येतात, आणि ज्या पिल्लाचे डोळे उघडायला आठवडा-दीड आठवडा आहे त्याला ना पळता येते ना अंग झटकता येते. वाघोडिया रोडवरून आणलेली तीन दिवसांची चार पिल्ले मी पाहिली आहेत. ती जिन्याखालच्या पोत्यावर जन्मली होती आणि त्यांच्या पापण्यांच्या कडा व नाळेभोवतीची कातडी डंखांनी सुजून लाल झाली होती. तीन वाचली.

मनीसाठी उंच कडांचा खोका घ्या, तो चार पायांच्या बुटक्या स्टुलावर किंवा पाटावर पक्का बांधा आणि पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. वाट्या खोक्याच्या कडेपेक्षा आत असू द्या, म्हणजे पिल्लू बाहेर पडलेच तर पाण्यात पडणार नाही. पलंगावरची चादर, पडदा किंवा वायर खोक्याला टेकत असेल तर वाट्यांचा काही उपयोग नाही, मुंग्यांना तेवढा पूल पुरतो. आत जुन्या सुती साड्यांच्या घड्या घाला आणि प्रसूतीनंतर ओली घडी त्याच वेळी बदला, पुढेही रोज बदला. खोक्यात किंवा स्टुलाभोवती पावडर, खडू, फवारा यांतले काहीही नको, कारण मनी पिल्लांना दिवसभर चाटते आणि पिल्ले तिच्या पोटाला तोंड लावतात. तिचे खाणे-पाणी खोक्यात न ठेवता हाताच्या अंतरावर परातीतच ठेवा. पिल्लाच्या अंगावर मुंग्या दिसल्या तर त्याला पाण्यात बुडवू नका, कोमट ओल्या फडक्याने एकेक मुंगी टिपून काढा, लगेच कोरडे करून आईजवळ उबेत ठेवा, आणि पापणी किंवा नाळ सुजलेली दिसली तर सकाळची वाट न पाहता घेऊन या. पहिले दहा दिवस रात्री एकदा उठून खोक्याच्या चारही पायांवर टॉर्च टाकून वाट्यांतले पाणी पाहत जा.